दिवाणखान्याचे राज्य

मालिका पाहणाऱ्या बाईची थट्टा करणे, हा आपल्याकडील सुशिक्षित मंडळींचा एक आवडता विरंगुळा होऊन बसला आहे. दिवाळीत चार पाहुणे जमावेत, चिवड्याच्या बश्या फिराव्यात, राजकारणावर बोलून बोलून घसे कोरडे व्हावेत, आणि मग कोणीतरी हटकून म्हणावे, "तुम्हां बायकांच्या त्या मालिका! शुद्ध मूर्खपणा!" मग सगळ्यांनी हसावे. गंमत अशी, की या गृहस्थांना नायिकेच्या नणंदेचे दुसरे लग्न कोणी मोडले हे तोंडपाठ असते. ते कसे, असे विचारले तर म्हणतात, "जेवताना समोर चालू असते, म्हणून दिसते." असे हे दिसणे बारा-बारा वर्षे दिसत राहते. ताट मात्र रोज बरोबर मालिकेच्याच वेळी मागितले जाते.

मलाही मालिकांविषयी तक्रार करावयाची आहे. परंतु ती या गृहस्थांची तक्रार नव्हे, हे आरंभीच सांगून टाकते. मालिका बायका पाहतात, त्यात सासू-सुना असतात, त्या संपता संपत नाहीत, या तिन्ही गोष्टींत मला काही वावगे वाटत नाही. माझी तक्रार निराळी आहे आणि ती एका वाक्यात मावते: मालिका रोज आमच्या घरात येते, पण आमचे घर मालिकेत कधी येत नाही.

'आमचे' म्हणजे कोणाचे, तेही सांगते. मी लोहाऱ्याची. लोहारा यवतमाळ शहराला लागून आहे. तिथली औद्योगिक वसाहत पुष्कळांना ठाऊक असते, गाव फारच थोड्यांना. जन्मभर शाळेत शिकवले. आता दुपारी माझ्या ओसरीवर पाच-सहा जणी जमतात. कोणी डाळ निवडते, कोणी वाती वळते, आणि आदल्या रात्रीचा भाग दुपारी पुन्हा दाखवतात तो आम्ही मिळून पाहतो. त्यांतली एक शेतमजुरीला जाते. शेतात काम नसले म्हणजे येते. एकदा तिने तासभर निमूटपणे पाहून मला विचारले, "काहो बाई, ह्यायच्या घरी कोनी कामाले जातच नाही का?" मराठी मालिकांवर मी पुष्कळ टीका वाचली आहे, पण याहून नेमकी टीका माझ्या वाचनात आलेली नाही.

आता या प्रकाराचे मूळ कूळ कोणते, ते पाहू. ज्याला इंग्रजीत 'सोप ऑपेरा' म्हणजे साबणाचे संगीतनाटक असे टोपणनाव पडले, तो प्रकार अमेरिकेत आकाशवाणीवर जन्मला. १९३० साली शिकागोच्या एका केंद्रावर 'पेंटेड ड्रीम्स' नावाची रोजची कथा सुरू झाली. ती लिहिणारी इर्ना फिलिप्स नावाची बाई आधी शाळेत शिक्षिका होती. माझ्याच जातीची, म्हणून तिचा मला विशेष अभिमान! १९३३ साली 'मा पर्किन्स' आली. तिचा खर्च कपडे धुण्याची पूड विकणाऱ्या कंपनीने सोसला. नवरा कामावर, मुले शाळेत, आणि बाई घरात एकटी राबते आहे. तिच्या कानाशी पंधरा मिनिटे गोष्ट सांगावी आणि मध्येच साबणाचे नाव घ्यावे, असा तो सरळ हिशेब होता. म्हणून वेळ दुपारची. कलेच्या उपासनेतून हा प्रकार निघाला असे कोणी म्हणू नये. तो दुकानातून निघाला.

पण दुकानदारीतूनही काय निघू शकते ते पाहा. १९३७च्या जानेवारीत याच इर्नाबाईंनी 'द गायडिंग लाइट' सुरू केली. तिच्यात एक धर्मोपदेशक होता. त्याच्या खिडकीत एक दिवा तेवत असे. वस्तीतल्या अडल्यानडल्या माणसाने तो पाहून यावे, अशी कल्पना. वस्ती होती परदेशांतून पोट भरण्यासाठी आलेल्या नाना जातींच्या कष्टकऱ्यांची. पुढे कथेच्या मध्यभागी जे बावर कुटुंब आले, तेही जर्मनीतून आलेले, हातावर पोट असलेले. १९५२ साली ही कथा दूरचित्रवाणीवर आली आणि २००९च्या सप्टेंबरात संपली. आकाशवाणी धरून बहात्तर वर्षे! दूरचित्रवाणीवरचेच भाग पंधरा हजारांहून अधिक. आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्यांनी एकाच घराची सुखदुःखे पाहिली. तिचीच धाकटी बहीण 'जनरल हॉस्पिटल' १९६३ साली सुरू झाली, ती अजून चालू आहे.

हे सारे सोन्यासारखे होते असे मी म्हणत नाही. तिकडेही पुढे बंगले आले, जुळी भावंडे आली, मेलेली माणसे परत आली. १९९८ साली तर 'गायडिंग लाइट'मध्ये नायिकेची हुबेहूब प्रतिकृती प्रयोगशाळेत तयार केली गेली! आपल्याकडील लेखक प्लास्टिक सर्जरीवर भागवतात. त्या मानाने त्यांचा संयम वाखाणण्यासारखाच म्हणावयाचा. पण त्याच मालिकेत १९६२ साली एक गोष्ट घडली, ती मला फार मोलाची वाटते. बर्ट बावर ही त्या कथेतली गृहिणी. तिची कथा अॅग्नेस निक्सन नावाची लेखिका लिहीत होती. तिची एक मैत्रीण गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाने गेली होती. वेळेवर साधी तपासणी झाली असती तर वाचती. निक्सनबाईंनी ठरवले, की बर्टला तो रोग व्हावा, तपासणीत तो लवकर सापडावा आणि ती बरी व्हावी. साबणाच्या कंपनीने आणि वाहिनीने अट घातली, की कर्करोग हा शब्द उच्चारावयाचा नाही, गर्भाशय हा शब्द उच्चारावयाचा नाही. लेखिकेने अट पाळली, आणि ते शब्द वगळून सारी गोष्ट सांगितली. ज्या बाया डॉक्टरपुढे लाजेने तोंड उघडत नसत, त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन, त्यांच्या ओळखीच्या बाईच्या तोंडून ती सांगितली. पुढे बर्टचे काम करणाऱ्या शॅरिटा बावर या नटीचा एक पाय खरोखरीच कापावा लागला, तेव्हा बर्टचाही पाय कथेत कापला गेला आणि ती पुन्हा प्रेक्षकांसमोर आली. नटीला बदलून टाकावे, असे कोणाला वाटले नाही. घरचे माणूस आजारी पडले म्हणून कोणी बदलते का?

मेक्सिकोत मिगेल साबिदो या निर्मात्याने याच सूत्राला शास्त्राचे रूप दिले. १९७५ साली त्याने प्रौढशिक्षणावर एक मालिका काढली. पडद्यावरची साधी माणसे पाटी-पुस्तक घेऊन बसू लागली, तशी तिकडच्या प्रौढवर्गांत नाव घालायला खऱ्या माणसांची रीघ लागली. ही बातमी आपल्याकडे आणण्यात ज्यांचा हात होता, ते वसंत साठे आमच्या शेजारच्या वर्ध्यातून लोकसभेत गेलेले आणि माहिती व नभोवाणी खाते सांभाळलेले. म्हणजे भारतातल्या मालिकांच्या जन्मपत्रिकेवर एका वैदर्भीयाची सही आहे, हे पुण्या-मुंबईच्या निर्मात्यांनी ध्यानात ठेवावे! साठ्यांनी मेक्सिकोत पाहिलेल्या या प्रयोगातून 'हम लोग'ची कल्पना निघाली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही मालिका १९८४च्या जुलैपासून १९८५च्या डिसेंबरपर्यंत चालली. तिच्यात बंगला नव्हता. दारू पिणारा बाप होता, ओढग्रस्तीचे घर होते, लग्नाच्या काळजीत वाढणाऱ्या मुली होत्या. आरंभी कुटुंबनियोजनाचा उपदेश फार झाला, लोक कंटाळले. तेव्हा उपदेश कमी करून गोष्ट वाढवली आणि लोक त्या घराचे झाले. तिकडे खर्च साबणाने केला, इकडे दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवयांनी. तरी घर राहिले साध्या माणसाचेच.

मराठीतही आरंभ काही वाईट नव्हता. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'दामिनी' लागत असे. प्रतीक्षा लोणकर यांची ती वार्ताहर मुलगी आमच्या गावातल्या मुलींना मोठ्या बहिणीसारखी वाटे. १९९९ साली अल्फा मराठी वाहिनी निघाली आणि 'आभाळमाया' आली. सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी नोकरी करी, शिकवी, घर सांभाळी आणि नवऱ्याचा अपराध मुकाट्याने गिळत नसे. 'वादळवाटे'त वकील मुलगी होती. ही घरे शहरी होती, पांढरपेशी होती. पण घरे होती. त्यांत महिन्याअखेर होती, बस चुकत होती, डबा होता.

मग दिवाणखान्याचे राज्य सुरू झाले. २००० साली हिंदीत 'क्योंकि सास भी कभी बहू थी' आली आणि भारतातल्या साऱ्या घरांच्या भिंती एकदम मागे सरकल्या. दिवाणखाने झाले जहाजासारखे, मधोमध जिना, आणि जिन्यावरून भरजरी साडीत उतरणारी सासू. मराठीने तोच जिना उचलला. 'चार दिवस सासूचे' २००१ साली सुरू झाली आणि २०१३ साली संपली. तीन हजारांहून अधिक भाग! रोहिणी हट्टंगडी यांच्यासारखी मोलाची अभिनेत्री त्यात होती, म्हणून आम्ही ते पाहिलेही. अभिनयाविषयी माझे काही म्हणणे नाही. माझे म्हणणे त्या घराविषयी आहे. त्यानंतरच्या मालिकांतल्या घरांत कोणी कामाला जात नाही, किंवा गेले तरी 'कंपनी'त जाते. त्या कंपनीत काय तयार होते, हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही. तिथे फक्त सह्या होतात आणि कारस्थाने होतात. स्वयंपाकघर असते, पण त्याला फोडणीचा डाग नसतो. पाऊस पडतो तो नायक-नायिकेला भिजवण्यासाठी. तो वेळेवर आला की नाही, पेरणी साधली की उलटली, याचे कोणाला सोयरसुतक नसते. बारा वर्षांत तीन हजार भाग झाले, तरी एकदाही आभाळाकडे पाहून कोणी चिंतेने बोलले नाही, असे कुटुंब आमच्या जिल्ह्यात शोधूनही सापडायचे नाही.

असे का झाले? लेखकांना गाव ठाऊक नाही म्हणून? काही अंशी तेही असेल. पण मुख्य कारण मोजणीत आहे. मालिका टिकते ती किती घरांत पाहिली गेली या आकड्यावर, आणि तो आकडा येतो काही निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांवरून. ही यंत्रे वर्षानुवर्षे शहरांतच होती. खेड्यातल्या घरांची रीतसर मोजणी 'बार्क' या संस्थेने २०१५च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा जाहीर केली. म्हणजे त्याआधी आम्ही खेड्यापाड्यांतल्या लोकांनी कितीही पाहिले, कितीही रडलो, तरी हिशेबात आम्ही नव्हतोच! ज्या गिऱ्हाईकाचा पैसा गल्ल्यात दिसत नाही, त्याच्या आवडीचा माल दुकानदार कशाला ठेवील?

आणि मोजणी सुरू झाल्यावर काय झाले पाहा. २०१६ साली 'तुझ्यात जीव रंगला' आली. कोल्हापूरचा पहिलवान नायक झाला. २०१७ साली 'लागिरं झालं जी' आली. साताऱ्याची बोली आणि सैन्यात जाणारा पोरगा घराघरांत पोचला. २०१६ सालीच सावंतवाडीजवळच्या आकेरीत 'रात्रीस खेळ चाले' चित्रित झाली आणि मालवणी सगळ्या महाराष्ट्राने आवडीने ऐकली. हा निव्वळ योगायोग आहे, असे मला वाटत नाही. खेडे मोजले गेले आणि खेडे दिसू लागले. आनंदाचीच गोष्ट आहे. पण मोजणाऱ्यांचे खेडे कृष्णा-पंचगंगेच्या काठाशी आणि कोकणच्या माडांपाशी येऊन थांबले. पैनगंगा आणि वर्धा त्यांना अजून ओलांडता आलेल्या नाहीत.

"अहो, पण राधिका?" असे कोणी म्हणेल. बरोबर आहे, राधिकेचे ऋण मला मान्य आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको' या मालिकेत अनिता दाते यांनी नागपूरकडची राधिका केली. २०१६ ते २०२१ ती चालली. नवऱ्याला तिच्या बोलण्याची लाज वाटे, आणि त्याच बोलण्याच्या बळावर तिने मसाल्याचा धंदा उभा केला. आमची बोली नायिकेच्या तोंडी इतकी वर्षे टिकू शकते आणि महाराष्ट्र ती ऐकतो, हे तिने सिद्ध केले. पण ती राहिली मुंबईकडच्या सोसायटीत. म्हणजे आमची बोली आली, आमचे घर नाही आले. आणि राधिका सोडली तर आमची बोली कोणाच्या तोंडी असते? हसवणाऱ्या नोकराच्या. 'कुठं चालले?' हे आमचे आदराचे वाक्य आहे. ते ऐकून प्रेक्षकांनी हसावे, अशी योजना असते.

दुसरे कोणी म्हणतील, कथा मिळत नाहीत. हे तर मी मुळीच ऐकून घेणार नाही. 'आई कुठे काय करते' २०१९ ते २०२४ चालली, घरोघर गाजली. तिची मूळ कथा बंगालीतून आणलेली. 'रंग माझा वेगळा'ची मूळ कथा मल्याळममधून. कोलकात्याची कथा मुंबईला येते, केरळची येते, आणि यवतमाळची येत नाही! आमच्याकडून मुंबई एका रात्रीच्या प्रवासावर आहे. कथा म्हणे नाहीत! भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत आमच्या पोरी भुलाबाई मांडतात, घरोघरी जाऊन महिनाभर सासर-माहेरची गाणी म्हणतात, आणि डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. सासू, नणंद, रुसवा, माहेरचा मुराळी, सारे काही त्यांत आहे. रोज थोडे गावे, उद्यासाठी थोडे ठेवावे आणि शेवटी वाटावे, ही मालिकेची रीत आमच्या आज्यांना साबणाच्या कंपनीआधी ठाऊक होती. पलीकडे झाडीपट्टीत दिवाळी सरली की मंडई भरतात आणि वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव रात्र रात्र नाटके करतात. लोक तिकीट काढून, घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. या लोकांना कथेची भूक नाही, असे कोण म्हणतो?

तिसरा आक्षेप मोठा सभ्य असतो. "शेतकऱ्याचे दुःख रात्री आठ वाजता कोण पाहील? दिवसभर दमलेल्या माणसाला करमणूक हवी." या आक्षेपाची मला खरोखर चीड येते, कारण त्याच्या पोटात एक गृहीत लपलेले आहे: यवतमाळ म्हणजे आत्महत्या. वर्तमानपत्रे आमचे नाव घेतात ते त्याच बातमीत, म्हणून आमच्याकडे दुसरे काही घडतच नाही असे यांना वाटते. अहो, आमच्याकडे लग्ने होतात, वरातीत भांडणे होतात. पोळ्याला झडत्या म्हणून गावातल्या बड्या धेंडांची यथेच्छ टर उडवली जाते. जावा-जावांत पाटोडीच्या चवीवरून अबोला धरला जातो. वेचणीच्या आधी शेतात दहीभात ठेवून सीतादहीची पूजा होते. मग बायका ओटीत कापूस वेचतात, तो किलोवर मोजला जातो, आणि वजनावरून जी खडाजंगी होते तिच्यापुढे तुमच्या दिवाणखान्यातली कारस्थाने फिक्की पडतील. चुकारा कधी मिळतो याकडे डोळे लावून पोरीचे लग्न ठरते, लांबते, मोडता मोडता जमते. एवढे नाट्य ज्या घरात आहे, त्या घरात दुःखही आहे. पण ते घर म्हणजे दुःख नव्हे. बावरांच्या घरात रोग आला म्हणून ती मालिका रोगाची झाली नाही.

आणि आमच्या बाया दुःख सांगतात तेव्हा लोक पाठ फिरवतात, हेही खोटे आहे. २०१९च्या जानेवारीत यवतमाळला ब्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. आमच्याच जिल्ह्यातली शेतकऱ्याची विधवा. त्या बोलल्या आणि साऱ्या मांडवाने ते ऐकले. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या बायांनी श्याम पेठकर यांच्या 'तेरवं' या नाटकात स्वतः भूमिकाही केल्या. संमेलनाने आमच्या बाईला व्यासपीठ दिले, रंगभूमीने रंगमंच दिला. रोज रात्री लाखो घरांत शिरणाऱ्या मालिकेने तिला ओसरीवरसुद्धा बसू दिलेले नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि ज्यासाठी हा सारा प्रपंच मांडला तो हा. २०१७च्या पावसाळ्याअखेरीस आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी आणि मजूर मेले. शेकडो जण दवाखान्यात गेले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावरच येई. औषधे जहाल होती, त्यांची मिश्रणे त्याहून जहाल होती, तोंडाला बांधायला धड फडके नव्हते. दोष कोणाचा यावर पुष्कळ लिहून झाले आहे, ते मी इथे उगाळीत नाही. मी एवढेच विचारते: त्या भाद्रपद-आश्विनात रोज रात्री आमच्या घरांतले संच चालू होते. त्यांवर काय चालले होते? कोणाच्या तरी चहात कोणीतरी विष कालवीत होते! काचेच्या कपातले विष आम्ही डोळे विस्फारून पाहिले, आणि पाठीवरच्या पंपातल्या विषाविषयी एक अक्षर कोणी बोलले नाही.

कल्पना करा, की त्या वर्षी एखाद्या मालिकेची नायिका कपाशीच्या गावातली असती. तिचा नवरा पाठीला पंप बांधून निघाला असता आणि ती आडवी येऊन म्हणाली असती, "वारा कोनत्या अंगानं हाय ते तं पाहा आधी!" संध्याकाळी तो मळमळते म्हणून पडला असता, आणि तिने ते नजर लागली म्हणून सोडून दिले नसते. औषधाचा डबा हातात घेऊन, त्यावरचे नाव डॉक्टरला दाखवायला ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली असती. फवारणीचे कपडे तिने घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे, साबण लावून धुतले असते. तिथे हवे तर साबणाचे नाव दाखवा, माझी हरकत नाही! साबणाच्या पैशावर चालणाऱ्या कथेला साबणाचा इतका उचित उपयोग दुसरा कुठला सापडणार? शेतकी खात्याचे पत्रक आमच्याकडे कोणी वाचत नाही. नायिकेचे वाक्य मात्र दुसऱ्या दिवशी विहिरीवर, नळावर, शेताच्या बांधावर बोलले जाते. त्या वाक्याने सगळे वाचले असते असे मी म्हणत नाही. एखादा वाचला असता. बर्ट बावरच्या लेखिकेने तरी यापेक्षा अधिक काय मागितले होते?

निर्माते म्हणतील, यवतमाळला येऊन चित्रीकरण परवडत नाही. त्यांना मी पुन्हा 'गायडिंग लाइट'कडेच बोट दाखवीन. २००८ साली तिचे दिवस फिरले, प्रेक्षक ओसरले, तेव्हा खर्च वाचवण्यासाठी तिच्या निर्मात्यांनी स्टुडिओतल्या खोट्या खोल्या सोडल्या, न्यू जर्सीतल्या पीपॅक नावाच्या लहानशा गावी गेले, आणि खऱ्या घरांत, खऱ्या रस्त्यांवर, हातातल्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करू लागले. म्हणजे खरे घर खोट्या घरापेक्षा स्वस्त पडते! फक्त त्यांना ते एकाहत्तराव्या वर्षी सुचले. तोवर उशीर झाला होता, आणि पुढच्याच वर्षी दिवा विझला. आपल्या निर्मात्यांनी इतके थांबण्याचे कारण नाही. आमच्याकडे मातीच्या भिंतीची घरे आहेत, स्लॅबची आहेत, अर्धी ही अर्धी ती अशीही पुष्कळ आहेत. भाडे फार मागणार नाही. चहा फुकट.

आणि जाहिरातदारांना एवढेच सांगणे, की साबणाचा हिशेब तरी नीट करा. दिवाणखान्यातल्या भरजरी साड्या जातात धोब्याकडे. साबण लागतो तो चिखलाने भरलेल्या लुगड्याला, कापसाच्या किटाळाने मळलेल्या सदऱ्याला, शाळेतून लोळून आलेल्या पोराच्या चड्डीला. खरे गिऱ्हाईक आमच्या घरात आहे. आणि ज्याला माल विकावयाचा, त्याला निदान त्याचे तोंड तरी आरशात दिसू द्यावे, एवढा साधा व्यवहारधर्म आहे.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्याही घरी संच चालू असेल. मालिका पाहणाऱ्या आईला, आजीला, मावशीला हसू नका. तिच्या शेजारी बसा, आणि पाहता पाहता तिला एकच विचारा: या घरात कामाला कोण जाते? भाजी कोण आणते, कपडे कोण धुते, आभाळाकडे कोण पाहते? हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला, की तो जिथे पोचायचा तिथे बरोबर पोचेल, कारण आता आम्हीही मोजले जातो. मालिका बंद करा असे आमचे म्हणणे नाही. तिने बहात्तर वर्षे चालावे, आमच्या नातींच्या मुलींनी ती पाहावी. फक्त एकदा तिने दिवाणखान्याचा तो जिना उतरावा, चपला बाहेर काढाव्यात आणि आमच्या ओसरीवर येऊन बसावे. बसायला घोंगडी आम्ही घालू.